हेड ट्रॅकिंग घरच्या घरी: आधी कॅमेऱ्याला काय दिसतं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: घर भुसावळला, गच्चीवरची पत्र्याची खोली, डेस्कटॉप, साधा यूएसबी वेबकॅम. खेळायचं मुख्यतः युरो ट्रक सिम्युलेटर २, अधूनमधून विमानाचा एखादा गेम. डोकं वळवलं की गेममधली नजर वळावी, आरसे दिसावेत, पण ट्रॅकआयआर या डोक्याची हालचाल टिपणाऱ्या तयार उपकरणावर पैसे घालायचे नाहीत. वेबकॅमवर एकदा करून पाहिलं. रात्री जेमतेम चाललं, चित्र थरथरत होतं, आणि दुपारी तर अजिबातच नाही.

भाऊ, रात्री चालतं आणि दुपारी चालत नाही, यातच उत्तर दडलंय. सॉफ्टवेअर दोन्ही वेळा तेच होतं, बदलला तो उजेड. बहुतेक जण थरथर दिसली की ती गाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या फिल्टरचे आकडे हलवत बसतात आणि तासभराने कंटाळून सोडून देतात. कॅमेऱ्याला स्वच्छ चित्र मिळालं नसेल तर पुढची कुठलीही सेटिंग ते दुरुस्त करू शकत नाही.

असं का, ते आधी समजून घ्या. स्क्रीन समोरच राहते, त्यामुळे गेममध्ये मागे बघायला तुम्ही खरोखर मागे वळू शकत नाही. २२ इंची मॉनिटर साधारण ४९ सें.मी. रुंद असतो. ७० सें.मी. अंतरावरून मध्यापासून कडेपर्यंतचा कोन होतो जेमतेम १९ अंश. म्हणजे मान ३० अंशांपलीकडे वळवली की डोळे उलट्या बाजूला ताणून स्क्रीन बघावी लागते आणि अर्ध्या तासात डोकं धरतं. म्हणून मानेच्या २५-३० अंशांत गेममधले १००-१५० अंश बसवावे लागतात. ही चार-पाच पट वाढ तुमच्या हालचालीला मिळते तशी कॅमेऱ्याच्या चुकीलाही मिळते. ट्रॅकिंगमध्ये अर्ध्या अंशाची थरथर असेल तर गेममध्ये ती अडीच अंशांची होते आणि ट्रकचा डॅशबोर्ड नाचायला लागतो.

आहे त्या वेबकॅमवर, एक रुपया न घालता

ओपनट्रॅक हे डोक्याची हालचाल ओळखून गेमला कळवणारं फुकट, मुक्त स्रोताचं सॉफ्टवेअर आहे. ते त्याच्या गिटहबवरच्या मूळ पानावरूनच उतरवा, भलत्या डाउनलोड साइटवरून नको. यात चेहरा ओळखणारा 'न्यूरलनेट ट्रॅकर' आहे. इनपुटला तो निवडा, आउटपुटला, म्हणजे गेमकडे माहिती पाठवायला, 'फ्रीट्रॅक २.० एन्हान्स्ड', थरथर गाळणाऱ्या फिल्टरला 'अॅक्सेला'. आउटपुटच्या बाजूच्या बटणात फ्रीट्रॅक आणि ट्रॅकआयआर असे दोन्ही इंटरफेस चालू ठेवा. डोक्याला काही बांधायचं नाही, हा याचा सगळ्यात मोठा फायदा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पत्र्याखाली टोपी किंवा जाड हेडफोन घालून बसणं किती कठीण आहे ते तुम्हाला सांगायला नको.

आता उजेड. खिडकी पाठीमागे असेल तर कॅमेरा खिडकीच्या हिशोबाने उजेड जुळवतो आणि चेहरा काळा पडतो. खोली अंधारी असेल तर उलटं होतं: कॅमेरा प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उजेड गोळा करतो, ३० फ्रेमवरून १५ वर येतो, आणि हलणारा चेहरा पुसट होतो. रात्रीची तुमची थरथर बहुधा यातलीच आहे. त्यामुळे दोन गोष्टी करा. एक, वेबकॅमच्या सेटिंगमध्ये कमी उजेडात आपोआप भरपाई करण्याचा पर्याय असतो, तो बंद करा. एक्स्पोजर, म्हणजे दर फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ, ऑटोवरून काढून हाताने ठरवा. आणि विजेची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ ठेवा, ६० नको, नाहीतर दिव्याचे पट्टे चित्रात सरकत राहतात. दुसरं, चेहऱ्यावर समोरून उजेड आणा. मॉनिटरच्या मागे ९ वॅटचा एलईडी बल्ब लावून त्याचा झोत समोरच्या पांढऱ्या भिंतीवर सोडा. भिंतीवरून परतलेला मऊ उजेड चेहऱ्यावर सगळीकडे सारखा पडतो. बल्ब थेट डोळ्यांवर नको.

एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे छताचा पंखा. ट्यूबलाइट किंवा बल्ब पंख्याच्या पात्यांपेक्षा वर असेल तर पात्यांच्या सावल्या चेहऱ्यावरून भराभर फिरतात. आपल्याला सवय असल्याने त्या जाणवत नाहीत. ट्रॅकरला मात्र दर फ्रेमला वेगळा चेहरा दिसतो. पंखा बंद करून थरथर थांबते का बघा. थांबली तर दिव्याची जागा बदला, पंखा चालू द्या.

कॅमेरा मॉनिटरच्या वर बरोबर मध्ये, चेहऱ्यापासून ६० ते ८० सें.मी. अंतरावर ठेवा. ६४०×४८० पुरतं. जास्त रिझोल्यूशन घेतलं तर फायदा थोडा आणि प्रोसेसरवर बोजा जास्त. चष्म्याच्या काचेत स्क्रीनचं पांढरं प्रतिबिंब पडत असेल तर कॅमेरा किंवा मॉनिटर किंचित तिरका करा.

या पद्धतीच्या मर्यादाही ऐका. न्यूरल नेटवर्क प्रोसेसर खातं. जुना दोन कोरचा प्रोसेसर असेल तर गेम अडखळेल आणि त्याला इलाज नाही. शिवाय चेहरा फार वळला की ओळख सुटते. आणि ३० फ्रेमचा कॅमेरा म्हणजे दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंद, वर फिल्टरचा उशीर वेगळा. ट्रकसाठी हे चालून जातं. विमानांच्या लढाईत, जिथे मान झटक्यात वळवावी लागते, तिथे कमी पडतं.

तीन इन्फ्रारेड दिव्यांची क्लिप

मला विचाराल तर कष्टाचं चीज होतं ते इथे. डोक्याला तीन इन्फ्रारेड एलईडी, कॅमेऱ्याला त्या तीन ठिपक्यांखेरीज काहीच दिसत नाही, आणि ओपनट्रॅकचा 'पॉइंटट्रॅकर' त्या ठिपक्यांच्या जागेवरून डोक्याची दिशा आणि अंतर काढतो. प्रोसेसरवर बोजा नगण्य, चेहऱ्यावरच्या उजेडाचा संबंध नाही, अंधारातही उत्तम.

सामान: ५ मिमीचे तीन इन्फ्रारेड एलईडी, १०० ओहमचे पाव वॅटचे तीन रेझिस्टर, जुनी यूएसबी केबल, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी), आणि सांगाड्यासाठी सायकलची एक जुनी स्पोक. सगळं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात थोडक्यात मिळतं. मोडायला चालेल असा जुना वेबकॅम हवा असेल तर जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या कॉम्प्युटरवाल्यांकडे विचारून बघा. टीव्हीच्या जुन्या रिमोटमधला एलईडीही चालतो, तो साधारणपणे ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. पण तीन वेगवेगळ्या रिमोटमधले तीन एलईडी सारखे प्रखर नसतात. एक ठिपका मोठा, एक बारीक, असं होतं. तीन सारखे विकत घेतलेले बरे.

९४० घ्यायचा की ८५०? कॅमेऱ्याच्या सेन्सरला ८५० जास्त चांगला दिसतो, ठिपका जास्त प्रखर येतो. अंधारात त्याचा मंद लाल ठिपका आपल्यालाही दिसतो. ९४० आपल्याला दिसत नाही आणि कॅमेऱ्यालाही थोडा कमी दिसतो, पण हवेतली वाफ सूर्यप्रकाशातला ९४० च्या आसपासचा बराच भाग शोषून घेते, म्हणून दिवसा उन्हाशी झगडा कमी होतो. तुमची खोली दुपारी उजेडाने भरत असेल तर ९४० घ्या.

जोडणी. प्रत्येक एलईडीला स्वतःचा १०० ओहमचा रेझिस्टर द्या आणि तिन्ही जोड्या ५ व्होल्टवर समांतर लावा. एलईडीवर सुमारे १.३ व्होल्ट पडतात, उरतात ३.७, भागिले १०० म्हणजे ३७ मिलिअँपिअर. तिघांचे मिळून ११० च्या आसपास, यूएसबी पोर्टला ते सहज झेपतं. पुष्कळ ठिकाणी तिन्ही एलईडी एकामागे एक जोडून एकच रेझिस्टर लावायला सांगतात. तेही चालतं, पण मग रेझिस्टरवर जेमतेम एक व्होल्ट उरतो आणि यूएसबीचा दाब किंवा एलईडीचा व्होल्टेज जरा इकडेतिकडे झाला की करंट निम्मा किंवा दीडपट होतो. समांतर जोडणीत हे होत नाही, आणि एक एलईडी गेला तरी बाकीचे दोन चालू राहतात, त्यामुळे बिघाड सापडतो.

एलईडीचा लांब पाय म्हणजे अधिक. पाय आधीच कापलेले असतील तर आत डोकावा: वाटीसारखा मोठा भाग बहुधा उणे बाजूचा असतो. यूएसबी केबलमधली लाल तार अधिक, काळी उणे. हिरवी आणि पांढरी डेटाच्या, त्या कापून वेगवेगळ्या इन्सुलेट करा. केबलच्या रंगांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, स्वस्त केबलमध्ये रंग काहीही असतात, मल्टिमीटरने बघा. आणि पहिल्यांदा लावताना थेट कॉम्प्युटरला लावू नका. जुन्या मोबाईल चार्जरला लावा. शॉर्ट असेल तर चार्जर जाईल, मदरबोर्ड वाचेल.

पेटला की नाही ते डोळ्यांना कळणार नाही. मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, जांभळट-पांढरा ठिपका दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात बरेचदा दिसत नाही, कारण तिथला फिल्टर जास्त कडक असतो. कॅमेऱ्याची आधी परीक्षा घ्यायची असेल तर टीव्हीचा रिमोट त्यासमोर दाबून बघा.

साधा एलईडी समोर २०-३० अंशांच्या अरुंद झोतात उजेड फेकतो. मान वळली की झोत कॅमेऱ्यावरून निघून जातो आणि ठिपका गायब. म्हणून एलईडीचा गोल माथा बारीक पॉलिश पेपरवर घासून सपाट करा. सपाट आणि किंचित खरबरीत माथ्यातून उजेड रुंद पसरतो. माथा सपाट झाला की थांबा. आणखी खोल गेलात आणि आतली केसासारखी तार घासली गेली तर तो एलईडी संपला. सपाट माथ्याचे रुंद कोनाचे एलईडी मिळाले तर हा खटाटोपच नको.

आता सांगाडा. तीन दिवे एका सरळ रेषेत लावू नका. सरळ रेषेतल्या तीन ठिपक्यांवरून डोकं पुढे कललंय की मागे, हे ठरवता येत नाही. बाजूने बघितलं तर मधला दिवा सर्वांत पुढे, म्हणजे कॅमेऱ्याकडे यायला हवा. वरचा त्याच्यापेक्षा ४० मिमी वर आणि ३० मिमी मागे. खालचा ७० मिमी खाली आणि ८० मिमी मागे. ही मापं चालणारी आहेत, पण ती तंतोतंत यायलाच हवीत असं नाही. स्पोक वाकवून जे माप येईल ते स्केलने मिलिमीटरमध्ये मोजा आणि पॉइंटट्रॅकरच्या 'मॉडेल'मध्ये क्लिप निवडून तेच आकडे भरा. मोजण्यात पाच मिमी चुकलात तर मान सरळ वळवताना नजर वर-खाली सरकते, आणि मग दोष शोधत बसावं लागतं. स्पोक घेण्याचं कारण ती कडक असते. आइसक्रीमच्या काड्या आणि पुठ्ठा आठवडाभरात वाकतो, आणि वाकला की मोजलेली मापं खोटी ठरतात. फक्त स्पोक धातूची आहे, एलईडीचे पाय तिला लागू देऊ नका.

चिकटवायला हॉट ग्लू वापरणार असाल तर पत्र्याच्या खोलीत तो दुपारी मऊ पडून दिवे तिरके होतात. इपॉक्सी लावा, किंवा पातळ तारेने आवळून वरून हीट श्रिंक चढवा. घामाने सोल्डरिंगचे जोड हिरवे पडून तुटतात, त्यामुळे उघडा जोड ठेवूच नका. आणि केबल हेडफोनच्या पट्टीला एक वळसा देऊन बांधा. ओढ लागली तर ती जोडावर नाही, पट्टीवर यायला हवी.

क्लिप हेडफोनच्या डाव्या किंवा उजव्या कपावर बसवा. डावीकडे बसवली तर मान डावीकडे वळवताना डावा कान मागे जातो आणि गाल आड येतो, म्हणून ठिपके त्या बाजूला लवकर हरवतात. क्लिप गालाच्या थोडी पुढे आणि बाहेर काढा, आणि कॅमेरा मध्यावरून क्लिपच्या बाजूला एक वीत सरकवा. टोपीवर तीन दिवे लावले तर दोन्ही बाजूंना सारखं चालतं, त्यासाठी पॉइंटट्रॅकरमध्ये टोपीचं वेगळं मॉडेल आहे. हिवाळ्यात ते करून बघा.

केबल नको असेल तर दोन पेन्सिल सेल, म्हणजे ३ व्होल्ट, आणि प्रत्येक एलईडीला ४७ ओहम. करंट साधारण तेवढाच येतो. सेल उतरत आले की ठिपके बारीक होतात, तेव्हा ट्रॅकिंग बिघडल्यावर आधी सेल बघा.

दिव्यांची तोंडं कॅमेऱ्याकडेच असू द्या, डोळ्यांकडे नको. कॅमेऱ्याभोवती एलईडींचं कडं लावून टोपीवर ट्रकची चमकती रिफ्लेक्टर पट्टी चिकटवण्याची एक पद्धत आहे. ती पट्टी महामार्गावरच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळते आणि काम करते. पण त्यात तासन्‌तास इन्फ्रारेड थेट डोळ्यांवर येतं, आणि ते दिसत नसल्याने बाहुली आकुंचन पावत नाही. क्लिप बनवता येत असताना मी तो रस्ता कुणाला सुचवणार नाही.

कॅमेऱ्याची शस्त्रक्रिया

वेबकॅममध्ये इन्फ्रारेड अडवणारी बारीक काच असते. ती न काढताही प्रखर ठिपके अंधुक दिसू शकतात, पण भरवसा नाही. स्क्रू काढून लेन्स डाव्या बाजूला फिरवत सोडवा. लेन्सच्या मागच्या टोकाला किंवा सेन्सरच्या तोंडाशी एक चौकोनी काच दिसेल, तिरकी धरली की लालसर किंवा निळसर झाक मारते. सुईच्या टोकाने कडेने उचला. फुटली तरी चालेल, तुकडे आत पडू देऊ नका. सेन्सरला बोट लावू नका. काच निघाली की फोकस बदलतो, म्हणून लेन्स परत बसवून ७० सें.मी. वरच्या दिव्यावर फोकस फिरवून घ्या. काही स्वस्त कॅमेऱ्यांत वेगळी काच नसते, लेन्सवरच लेप असतो. तो निघत नाही, तो कॅमेरा सोडून द्या. काच काढलेल्या कॅमेऱ्यात रंग विचित्र दिसतात, म्हणून घरात एकच कॅमेरा असेल आणि त्यावर कुणाचे क्लास चालत असतील तर त्याला हात लावू नका. लॅपटॉपचा आतला कॅमेरा तर नाहीच.

आता उलट काम: साधा उजेड अडवायचा, इन्फ्रारेड येऊ द्यायचं. जुन्या फ्लॉपीतली काळी चकती एक थर, किंवा धुतलेल्या रंगीत फिल्मचा पूर्ण काळा तुकडा दोन थर, लेन्ससमोर लावा. गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओत निगेटिव्हच्या रोलच्या टोकाचे काळे तुकडे मागा. रंगीतच हवी. रंगीत फिल्मचे रंग इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, पण कृष्णधवल फिल्ममध्ये चांदीचे कण असतात आणि ते इन्फ्रारेडही अडवतात. एक्स-रेच्या फिल्मचं तेच. घरात सहज सापडतो म्हणून लोक एक्स-रे कापून लावतात आणि मग दिवेच दिसत नाहीत.

जुना प्लेस्टेशन ३ चा 'आय' कॅमेरा मिळाला तर सोडू नका. २००७ चा आहे, पण ६४०×४८० मध्ये ६० आणि ३२०×२४० मध्ये १२० फ्रेम देतो. लेन्स फिरवून दिसणारा कोन ५६ किंवा ७५ अंश करता येतो. ५६ अंशांची, लाल ठिपक्याची जागा ठेवा, म्हणजे ठिपके मोठे दिसतात. विंडोजवर त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो आणि आतली इन्फ्रारेड काच यातूनही काढावी लागते.

ओपनट्रॅकमध्ये पॉइंटट्रॅकर चालू करून कॅमेऱ्याचं चित्र बघा. एक्स्पोजर सर्वांत कमी करा, मग तिन्ही ठिपके ठसठशीत दिसेपर्यंतच वाढवा. थ्रेशोल्ड, म्हणजे किती उजळ असलं की ठिपका मानायचा ती मर्यादा, असा लावा की तीन ठिपके, तीनच, सापडतील. ठिपक्याचा किमान व्यास थोडा वाढवला की बारीक चमचम गळून जाते. कॅमेऱ्याला किती रुंद दिसतं तो कोन अंशांत विचारला जातो, तो बरोबर भरा. शेवटी 'मॉडेल पोझिशन'मधलं कॅलिब्रेशन: सुरू करून खांदे न हलवता मान हळूहळू सगळीकडे फिरवा आणि थांबवा. क्लिप कानावर आहे आणि मान फिरते ती मधून. हे अंतर सॉफ्टवेअरला कळलं नाही तर नुसती मान वळवली तरी गेममध्ये तुम्ही सीटवरून सरकता.

ऊन, देवघर आणि कुलर

क्लिप काढून ठेवा आणि कॅमेऱ्याचं चित्र बघा. एकही ठिपका दिसता कामा नये. दिसला तर तो कुठून येतो ते शोधा, आणि ही तपासणी ज्या वेळी खेळता त्याच वेळी करा, कारण पश्चिमेच्या खिडकीचं ऊन चारला जिथे असतं तिथे सहाला नसतं.

सूर्य इन्फ्रारेडचा सर्वांत मोठा दिवा आहे. थेट ऊनच कशाला, उन्हात न्हालेली मागची भिंत, मांडणीवरची स्टीलची भांडी, कपाटाचा आरसा, सगळं चमकतं. त्यानंतर नंबर जुन्या पिवळ्या बल्बचा आणि हॅलोजनचा. एलईडी बल्ब आणि ट्यूब यात जवळपास निरुपद्रवी असतात. देवघर त्याच खोलीत असेल तर निरांजनाची किंवा समईची ज्योत कॅमेऱ्याला चौथा ठिपका म्हणून लख्ख दिसते, आणि देवघरातला तांबडा झिरोचा बल्ब जुन्या पद्धतीचा असेल तर तोही. संध्याकाळी दिवा लागला की नजर अचानक छताला जाते, त्याचं कारण हे. टेबलाची दिशा बदला, देवघर कॅमेऱ्याच्या पाठीमागे येऊ द्या.

खिडकीला पातळ पडदा पुरत नाही. काळा पडदाही नाही, कारण कापडाचे कित्येक काळे रंग इन्फ्रारेडला अडवतच नाहीत; आपल्याला काळं दिसतं ते कॅमेऱ्याला करडं किंवा पांढरं दिसतं. जाड गोधडी टांगा. तीन-चार थरांतून फार थोडं येतं.

कुलर खिडकीत बसवला असेल तर त्याच्या जाळीतून येणारं ऊन वाळ्याच्या किंवा गवताच्या ताटीतून लुकलुकतं. शिवाय कुलरचा स्टँड टेबलाला टेकला असेल तर मॉनिटर थरथरतो, त्यावरचा कॅमेरा थरथरतो, आणि ती थरथर पाच पट होऊन गेममध्ये येते. कॅमेरा भिंतीला खिळ्यावर बसवला की हा प्रश्न मिटतो.

मग वक्र

चित्र स्थिर झाल्यावरच 'मॅपिंग' उघडा. मान किती वळली की गेममधली नजर किती वळायची, ते तिथल्या वक्राने ठरतं. ट्रकसाठी मान डावी-उजवी असा वक्र लावून बघा: पहिल्या ३ अंशांपर्यंत शून्य, १० अंशांना १५, २० ला ६०, ३० ला ११०. मध्याजवळ वक्र सपाट हवा, कारण तुम्ही नव्वद टक्के वेळ समोरच बघता आणि तिथे नजर शांत राहायला हवी. वर-खालीसाठी असमान मॅपिंगचा पर्याय चालू करा: आरशांसाठी वर थोडं पुरतं, डॅशबोर्डसाठी खाली जास्त लागतं. डोकं खांद्याकडे कलण्याचा अक्ष ट्रकमध्ये शून्य करा, त्याचा उपयोग नाही आणि मळमळतं मात्र. पुढे-मागे सरकणं ठेवा, नकाशा जवळून बघायला कामी येतं. विमानात मानेच्या ३० अंशांना १५०-१६० पर्यंत न्या, म्हणजे शेपटीकडे बघता येतं.

अॅक्सेलाचं गुळगुळीतपण आधी जास्त ठेवा आणि नजर मानेच्या मागे रेंगाळते असं वाटेपर्यंत उतरवत आणा. थरथर घालवायला ते परत वाढवावं लागलं तर उजेडाकडे वळा, फिल्टरशी झटापट करू नका. मध्य परत आणण्याची कळ स्टिअरिंगच्या किंवा कीबोर्डच्या हाताशी असलेल्या बटणावर द्या. खुर्चीत जरा घसरलात तरी ती लागते.

फोन आणि जायरो

फोनचा कॅमेरा वेबकॅमपेक्षा चांगला असतो. स्मूथट्रॅकसारखं अॅप चेहरा फोनमध्येच ओळखून फक्त कोन आणि अंतरं वायफायवरून पाठवतं. ओपनट्रॅकमध्ये इनपुट 'यूडीपी' (नेटवर्कवरून आलेली माहिती घेणारा पर्याय), पोर्ट ४२४२, आणि विंडोजच्या फायरवॉलमध्ये परवानगी. जुन्या प्रोसेसरसाठी हा उत्तम मार्ग. पण कॅमेरा, वायफाय आणि चार्जिंग एकदम चालू असलेला फोन मे महिन्यात तापून मंदावतो. पाठीचं कव्हर काढा, पंख्याखाली ठेवा, खेळण्याआधी चार्ज करून घ्या.

एमपीयू-६०५० ही जायरोची, म्हणजे वळणं मोजणाऱ्या सेन्सरची, पट्टी आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डला जोडून टोपीवर लावणं कागदावर छान दिसतं. त्यात दिशा दाखवणारी चुंबकसूची नसते, त्यामुळे डावी-उजवी दिशा हळूहळू सरकत जाते आणि सारखा मध्य जुळवावा लागतो. पुढे-मागे, वर-खाली सरकणं तर कळतच नाही. तीन एलईडींच्या खर्चात त्याहून चांगलं काम होत असताना मी ते करणार नाही.

बिघडलं तर

गेमला ट्रॅकिंग दिसतच नसेल तर आधी ओपनट्रॅक सुरू करून मग गेम उघडा. गेम अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत असेल तर ओपनट्रॅकही तसंच चालवा, एक तसं आणि एक असं नको. नजर उलट्या बाजूला जात असेल तर तो अक्ष उलटा करण्याची खूण आउटपुटच्या पर्यायांत आहे. डावं-उजवं आणि कलणं दोन्ही उलटे असतील तर कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरने चित्र आरशासारखं उलटवलंय, ते तिथेच बंद करा. ठराविक कोनाला नेहमी उडी बसत असेल तर त्या कोनाला एक दिवा गालाआड जातोय. उडी कुठेही, कधीही बसत असेल तर चौथा ठिपका शोधा. सगळं नीट असून हालचाल तुटक वाटली तर ओपनट्रॅकमध्ये फ्रेमचा आकडा बघा: ३० चा कॅमेरा १५ देत असेल तर ऑटो एक्स्पोजर परत चालू झालंय. काही कॅमेरे प्लग काढून लावला, किंवा वीज जाऊन आली, की जुन्या सेटिंगवर जातात.